याबेसचं नाव बदलायला सिरोंचाला

सिरोंचाला जायचं म्हणणारे लोक माझ्या नातीला सारखे विचारत असतात, रस्ता कसा आहे, मुक्काम कुठे करायचा, खायला काय मिळतं. ती यंदा वडसावरून सकाळी निघाली आणि दिवस मावळायच्या आत तिथे पोचून गोदावरीच्या वाळूचे फोटो टाकून मोकळी झाली. मी तिला म्हटलं, मलाही विचार की, मी तुझ्या कितीतरी आधी जाऊन आले आहे. मला सहा दिवस लागले होते. मग ती मोबाईल घेऊन समोर बसली. मला अक्षर येत नाही. मी सांगते, ती लिहिते, आणि लिहिता लिहिता माझं बोलणं धुऊन इस्त्री करून ठेवते. ज्यांचं त्यांचं बोलणं मात्र जसं होतं तसं राहू दे, एवढं बजावलं आहे. फोटो मागू नका. आमच्याकडे तेव्हा फोटो काढायची गोष्ट लग्नातसुद्धा झाली नव्हती.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली. गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच, म्हणजे आताच्या चंद्रपुरातच, होता. माझे मालक वडसाला धानाच्या गिरणीत इंजिन सांभाळत. मी विशीतली होते आणि दोन लेकरं पुरून बसले होते. पहिल्याचं नाव मोठ्या हौसेनं राजाराम ठेवलं, तो सव्वा वर्षाचा होऊन तापानं गेला. दुसरी कौसल्या. तिला पाच महिनेच मिळाले. सासू म्हणाली, नावं लई थोरामोठ्यांची ठेवली, मरणाच्या नजरेत भरली.

म्हणून तिसऱ्याच्या वेळी आम्ही रीत केली. आमच्याकडे लेकरं जगत नसली की नवं जन्मलेलं परक्याला विकतात. परका जितका परका तितका चांगला. वडसाच्या दवाखान्यात तेव्हा दयाम्मा नावाची नर्स होती, मूळची सिरोंचाची, तेलुगू बोलणारी, ख्रिस्ती. तिनेच माझं बाळंतपण केलं होतं. सासूनं पोराला सुपात घातलं, दयाम्मानं मूठभर कोंडा दिला आणि सूप उचललं. झालं, पोर तिचं. मग तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं, पाजायला, वाढवायला. मी त्याची दाई. नाव ठेवायचा हक्क घेणाऱ्याचा, बदलायचा हक्कही त्याचाच. पाच वर्षं निभली की मायनं मूठभर काहीतरी देऊन परत विकत घ्यायचं. तोवर कोणी विचारलं तर म्हणायचं, माझं नाही.

दयाम्मानं नाव ठेवलं याबेस. तिच्या धर्माच्या पुस्तकातलं. आमच्या तोंडात ते बसेना, आठ दिवसांत त्याचं याब्या झालं. सासू खूश होती. म्हणाली, याचा काय अर्थ होते ते यमालेही समजनार नाई.

दहा महिने पोर गुटगुटीत राहिलं. दयाम्माची बदली तिच्या गावी, सिरोंचाला झाली. मग धान कापून झालं, बांधात लाखोरी उगवली, थंडी पडली आणि पोराला खोकला लागला. दवाखान्यातून औषधाची बाटली आणली. डॉक्टर म्हणाले, उबेत ठेवा, वाऱ्यात नेऊ नका, दोन दिवसांनी दाखवा.

मधला दिवस बाजाराचा. बाजारात एक माणूस झाडाखाली दयाम्माच्या धर्माची पुस्तकं विकायला बसला होता. मी सहज विचारलं, याबेस म्हणजे काय हो दादा? त्यानं पानं उलटली आणि बोट ठेवून सांगितलं, हा याबेस आपल्या भावांपेक्षा मानाचा होता. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला. मी तिथेच उभी राहिले. भावांपेक्षा मानाचा. त्याच्या भावाबहिणीला तर मी पुरून आले होते. म्हणजे या बाईनं माझ्या लेकराचं नाव असं ठेवलं होतं की यमानं आधी यालाच न्यावं.

घरी येऊन मी यांना म्हटलं, "सिरोंचाले जाऊ. नाव बदलून आणू."

"उद्या डाक्टरनं बोलावलं आहे," हे म्हणाले.

"डाक्टर खोकला पाहीन. नावाचं काय करीन?"

"मंग घरच्या घरी बदल ना. धोंड्या म्हण, उकिरड्या म्हण, कोन अडवते?"

"आपलं असतं तं म्हटलं असतं," मी म्हणाले. रीत त्यांनाही माहीत होती. आपण नाव बदललं म्हणजे पोर आपलं म्हटल्यासारखं, आणि मग यमापुढे सगळं उघडं पडतं. त्यांनी गिरणीतून रजा मागितली आणि दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो.

पहिला दिवस गाडीचा. वडसा ते चांदा ही छोटी गाडी, रूळ इतके अरुंद की आत बसलेल्या माणसाला वाटावं आपण पाळण्यात आहोत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. प्रत्येक ठिकाणी इंजिनाला पाणी पाजायचं आणि ड्रायव्हरनं चहा प्यायचा. मी तांदळाच्या भाकरी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून घेतले होते. ज्यांना आज जायचं आहे त्यांनी वडे जरूर न्यावे, तीन दिवस टिकतात, फक्त पहिल्या दिवशीच संपतात.

समोर एक म्हातारी बसली होती, मूलला लेकीकडे चाललेली. तिनं पोराकडे पाहून विचारलं, "तुहं काय वो बाई?"

"नाई," मी म्हणाले. "दुसऱ्याचं आहे."

त्याच वेळी आमचे हे म्हणाले, "हो."

म्हातारीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, मग पोराकडे. म्हणाली, "दुसऱ्याचं म्हनते, अन् नाक तं तुह्या नवऱ्याचं लावून बसलं आहे." सगळा डबा हसला. मीही हसले. मग म्हातारीला काय ते समजलं असावं. आपल्या अंगावरची चादर काढून तिनं पोराभोवती गुंडाळली आणि मूलला उतरताना परत मागितली नाही. खिडकीची फळी नीट लागत नव्हती. मी तिच्यापुढे पाठ करून बसले, तरी वारा कुठून तरी यायचाच.

चांद्याला धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी मोटर. बल्लारपूरपर्यंत रस्ता रस्त्यासारखा होता, पुढे त्याला रस्ता म्हणायची फक्त पद्धत होती. आष्टीला वैनगंगा आडवी आली. पूल नव्हता. मोटर या काठावर थांबली, माणसांनी डोंग्यातून पलीकडे जायचं आणि तिकडच्या मोटरीत बसायचं. पाणी काचेसारखं, त्यावरून येणारी हवा सुरीसारखी. डोंग्यात बसल्याबरोबर पोराला खोकल्याची उबळ आली, ती पलीकडचा काठ लागेपर्यंत थांबली नाही. नावाडी म्हणाला, "बाई, पोट्ट्याची छाती वाजून राह्यली. काऊन नेता एवढ्या दूर?"

"नाव बदलाले," मी म्हणाले.

त्यानं वल्हं मारता मारता मान हलवली, जणू हे कारण रोज दहाजण सांगतात. तो आमच्याकडचाच होता, त्याला यात नवल वाटलं नाही. शहाणा माणूस डोंग्यात एकही नव्हता, नाहीतर त्यानं परत फिरवलं असतं.

तिसरा दिवस आलापल्लीचा. सागवानाचा मोठा डेपो, झाडं अशी रचून ठेवलेली की एखाद्या गावाला घरं पुरतील. हल्ली लोक तिथलं जंगल बघायला जातात असं नात म्हणते. मी जे पाहिलं ते सांगते. सिरोंचाची मोटर गेली होती आणि पुढची कधी हे कोणालाच ठाऊक नव्हतं, वाटेत एका नाल्यावरचा फरशीपूल वाहून गेला होता. हॉटेलात भात आणि आंबट वरण मिळालं. पोरानं दूध घेतलं आणि ओकलं. हे म्हणाले, "परत जाऊ." मी म्हणाले, "अर्धी वाट तं आली." अर्धी वाट आली म्हणजे पुढे जायलाही तेवढीच आणि मागे जायलाही तेवढीच, हे मला तेव्हा का सुचलं नाही, कोण जाणे.

मिठाची पोती घेऊन जिमलगट्ट्याला चाललेल्या बैलबंड्या मिळाल्या. आमचा बंडीवाला लच्चू, गोंड माणूस, बोलणं कमी आणि तेही बैलांशी जास्त. चौथा आणि पाचवा दिवस त्याच्या बंडीत गेला. दोन्ही बाजूंनी साग, मध्ये मातीचा पट्टा, त्यावर आमची धूळ. तुम्ही आता त्या रस्त्यानं काच लावून जाता आणि म्हणता, काय हिरवंगार जंगल आहे. मला त्याचा रंग आठवत नाही. मला पोत्यांवर अंथरलेली घोंगडी आठवते, आणि तिच्यावर त्याचा श्वास, वर-खाली, वर-खाली. बंडी दगडावर चढली की एक श्वास चुकायचा आणि मी पुढच्याची वाट पाहायचे.

एकदा मी त्याला हाक मारली, "याब्या, ए याब्या."

लच्चू मागे न पाहता म्हणाला, "जंगलात नाव नोको घेऊ बाई. ऐकनारे लई असते."

"मंग काय म्हनू?"

"काईच नोको म्हनू. हात लाव."

मग मी सिरोंचा येईपर्यंत त्याला नावानं हाक मारली नाही. हात लावून बसले. अंग असं तापलं होतं की थंडीत माझे हात त्यावर शेकून निघत होते.

जिमलगट्ट्याहून लाकडाच्या ट्रकनं आम्हाला घेतलं आणि सहाव्या दिवशी दुपारी सिरोंचात सोडलं. गाव बघण्यासारखं आहे, ते मी नाकारत नाही. नदी अशी की पलीकडचा मुलूख दुसऱ्याच राजाचा वाटावा. बायका डोक्यावर मासोळीच्या टोपल्या घेऊन तेलुगूत भांडत चालल्या होत्या, मला त्यातलं फक्त 'अम्मा' एवढंच कळत होतं. दयाम्माचं घर विचारलं तर तिघींनी तीन दिशा दाखवल्या आणि चौथी स्वतः सोडायला आली.

दयाम्मा अंगणात होती. मला पाहून हसली, आणि पोराला पाहून तिचं हसू गेलं. तिनं त्याला घेतलं, छातीला कान लावला, फासळ्यांवर बोटं ठेवली. "किती दिवस झाले?" ती मराठी नीट, वेचून बोलायची.

"खोकल्याले? आठ."

"वाटेत किती?"

"सहा."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दवाखान्यातून सुई आणली, टोचली, खोलीत शेगडी पेटवली. न्युमोनिया आहे म्हणाली. मग मला बसवलं आणि विचारलं, "एवढ्या थंडीत का आणलंस गं याला?"

मी सांगितलं. बाजार, पुस्तकवाला, भावांपेक्षा मानाचा. म्हटलं, "तू घेतलं आहे याले, तूच बदलव. काईही वंगाळ ठेव. मले चालते."

तिनं फळीवरचं पुस्तक काढून मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही.

"त्या माणसानं अर्धंच वाचलं," ती म्हणाली. "मानाचा होता हे खरं. पण त्याच्या पुढंच लिहिलंय, त्याच्या आईनं हे नाव का ठेवलं ते. त्याला जन्म देताना तिला फार कळा लागल्या. इब्री भाषेत, म्हणजे यहुदी लोकांच्या जुन्या बोलीत, याबेस म्हणजे दुःख. वेदना. आईनं पोराचं नावच दुःख ठेवलं."

मी पोराच्या अंगावरची चादर वर ओढली.

"आमच्या चर्चमधले पाळक एक सांगायचे," ती म्हणाली. "त्यांच्या भाषेत दुःखाचा जो शब्द आहे, त्यातली दोन अक्षरं या नावात मागंपुढं झालीत. पाळकांना वाटायचं, आईनं ते मुद्दाम केलं असेल. नाव दुःखाचं, पण दुःख पुरतं लागू नये."

अक्षर सुलटं काय, उलटं काय, मला दोन्ही सारखीच. पण त्या बाईचं मला कळलं. कुठल्या काळातली, कुठल्या वाळवंटातली, तिला सूप माहीत नसेल, कोंडा माहीत नसेल, पण भीती हीच. मी म्हणाले, "म्हनजे त्यांच्यातबी धोंड्या-उकिरड्या होतेच."

"म्हणून तर ठेवलं," दयाम्मा म्हणाली. "तुझ्या सासूनं सूप पुढं केलं तेव्हा मी पुस्तक उलटंपालटं केलं. तुमच्या रीतीत बसेल असं वाईट नाव हवं होतं, आणि आमच्या देवाला चालेल असंही. तसं एकच सापडलं. तो याबेस मोठा झाला, देवाला म्हणाला, मला पीडा होऊ देऊ नको, आणि देवानं ऐकलं. मला वाटलं, याचंही ऐकेल."

याहून वाईट नाव आणायचं कुठून? ते आधीच दुःख होतं. मी दुःखाचं नाव बदलून आणखी काहीतरी दुःखाचं ठेवायला सहा दिवस आले होते. आमचे हे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि तशीच ठेवली.

दयाम्मानं दोन दिवस जे करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी, नदीवरचे लोक जेवायला घरी येतात त्या वेळी, श्वास वर गेला आणि खाली आला नाही.

माझ्या घशातून आवाज निघणार, तेवढ्यात मी तोंडावर पदर दाबला. मी दाई होते. पोर तिचं होतं. दाईनं रडायचं नसतं, रडली की कबूल केल्यासारखं. दयाम्माला हे समजलं. ती खाली बसली आणि तिनं आपला हात माझ्यासमोर उघडा धरला.

"दे काहीतरी मूठभर," ती म्हणाली. "तांदूळ दे, माती दे. तुझा तुला परत घे. मग रड."

दारात तांदळाची परात होती. मला फक्त हात लांबवायचा होता. पण पोटात तेव्हा दुसरं होतं, दोन महिने वर झाले होते, आणि ते फक्त मलाच माहीत होतं. याला माझं म्हटलं तर तिसरंही माझंच गेलं, आणि मग यमाला चौथ्याचा रस्ता मोकळा. मी मान हलवली. नाही म्हटलं. दयाम्मानं हात मिटला आणि मग तीच रडली, माय रडते तशी, शेजारच्या बाया गोळा झाल्या आणि तिला धरून बसल्या. मी त्यांना पाणी दिलं.

त्याला त्यांच्या दफनभूमीत, त्यांच्या रीतीनं ठेवलं. लाकडाच्या क्रूसावर कोणीतरी नाव लिहिलं. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्या काळ्या रेघा पाहून घेतल्या. त्यातली कोणती दोन मागंपुढं असतील याचा विचार करत उभी राहिले.

परतीचं काय सांगू. मोटर चालू झाली होती, चार दिवसांत वडसाला आलो. जाताना जे लागलं ते येताना काहीच लागलं नाही, थंडी नाही, भूक नाही. आष्टीला तोच नावाडी होता. त्यानं माझ्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं आणि नदीकडे तोंड करून वल्हं मारत राहिला.

घरी सासू दारात उभी होती. "पोरगं कुठी आहे?"

"त्याच्या मायजवळ ठेवून आली," मी म्हणाले.

सुतक पाळलं नाही. आमचं नव्हतं ना ते. गल्लीतल्या बाया दोन दिवस चुकून भेटायला आल्या आणि सासूनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पोटातलं जगलं. तो माझ्या या नातीचा बाप, आणि ती हे लिहिताना मधेच थांबून नाक पुसते आहे, तिला मी सांगते आहे की पुढे लिही, तुझा बाप यातूनच आला आहे.

ती यंदा गेली तेव्हा तिनं दफनभूमी शोधली. क्रूस काही सापडला नाही. लाकूड इतके पावसाळे कुठून टिकेल. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, रस्ता आता चांगला आहे, हिवाळ्यात जा, लहान लेकरू असेल तर काच लावून घ्या. नदीकाठी बसा. माझ्याच्यानं बसवलं नाही.

लोक म्हणतात, एवढ्या वर्षांनी माणूस विसरतो. दोन लेकरांचे चेहरे मी खरंच विसरले. सिरोंचा विसरले नाही. निघताना मी दयाम्माला एकच विचारलं होतं. आमचे हे मोटरवाल्याशी बोलायला गेले होते, आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "मी घरीच बसली असती, उबेत ठेवलं असतं, तं वाचला असता का वो?"

दयाम्मा खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं माझा पदर नीट केला, गाठोडं माझ्या हातात दिलं आणि काहीच बोलली नाही.